‘फोटो विक्री – १ नग’: नव्या फोटोग्राफरसाठी कॉपीराइट आणि स्टॉक एजन्सीचे करार

माझ्या पहिल्या बिलबुकातली एक कार्बन प्रत मी अजून जपून ठेवली आहे. निळी अक्षरं फिकट झालीत, पण वाचता येतात: ‘फोटो विक्री – १ नग – रु. ३,५००’. खाली माझी सही. भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून उसळलेल्या लाटेचा तो फोटो. एका बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसाने माहितीपत्रकात छापायचाय म्हणून घेतला होता. पुढच्या पावसाळ्यात सायनला बसच्या खिडकीतून मला तीच लाट भल्यामोठ्या होर्डिंगवर दिसली. फोन केला, तर समोरून शांतपणे उत्तर आलं, “मॅडम, फोटो तुम्ही विकलाय. बिल आहे आमच्याकडे.”

होर्डिंगबद्दल आमचं कधी बोलणं झालंच नव्हतं. पण माहितीपत्रकाबद्दल जे बोलणं झालं होतं, तेही कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेला कागद एकच, आणि त्यावर माझ्याच अक्षरात ‘विक्री’. शेवटी थोडे पैसे घेऊन तडजोड केली. त्या दिवसापासून माझ्या बिलावर ‘विक्री’ हा शब्द आलेला नाही. तिथे ‘छायाचित्र वापर परवाना शुल्क’ असं लिहिते, आणि त्याखाली कुठे, किती काळ आणि कशासाठी, हे येतं.

कॅमेरा घेऊन नुकतेच कामाला लागलेले मुलगे-मुली मला विचारतात, स्टॉक एजन्सीवर, म्हणजे फोटोग्राफरांचे फोटो परवान्याने ग्राहकांना देणाऱ्या कंपनीच्या साइटवर, फोटो टाकू का, करारावर ‘आय अ‍ॅग्री’ दाबू का, लग्नाचे फोटो माझे की पार्टीचे. त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: फोटो मुळात कोणाचा, हे ठरवा

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात छायाचित्र ही ‘कलाकृती’ आहे आणि ज्याने ते काढलं तो त्याचा कर्ता. शटर दाबलं त्या क्षणी हक्क जन्माला येतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात वर्तुळातला ‘सी’ लागत नाही, वॉटरमार्कही लागत नाही. हा हक्क तुम्ही जिवंत असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. २०१२ पूर्वी फोटोंना वेगळी वागणूक होती, प्रसिद्धीपासून ६० वर्षंच संरक्षण मिळायचं. २०१२ च्या दुरुस्तीने ती तरतूद गेली आणि फोटोग्राफर चित्रकाराच्या आणि लेखकाच्या पंक्तीत आला.

आता नवख्यांना हमखास चकवणारा भाग. कर्ता तुम्ही असलात तरी मालक तुम्हीच असाल असं नाही. कलम १७ नीट समजून घ्या.

नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेला फोटो, वेगळा करार नसेल तर नोकरी देणाऱ्याचा. वर्तमानपत्रात किंवा मासिकात पगारी नोकरीला असाल, तर वर्तमानपत्रात-मासिकात छापण्यापुरता हक्क नोकरी देणाऱ्याचा आणि बाकीचे हक्क तुमचे, अशी विभागणी कायद्यानेच केली आहे. कितीतरी प्रेस फोटोग्राफरना हे ठाऊक नसतं, कारण नेमणूकपत्रात कंपनीने वेगळंच काही लिहिलेलं असतं आणि ते पत्र रुजू होण्याच्या गडबडीत वाचलं जात नाही. घरी ते पत्र असेल तर आज काढून वाचा.

तिसरी गोष्ट आपल्या पोटापाण्याची. कोणी पैसे देऊन, सांगून तुमच्याकडून फोटो काढून घेतला, तर उलट करार नसताना त्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा माणूस. लग्न, बारसं, मुंज, साखरपुडा, दागिन्यांच्या दुकानाचं शूट, हॉटेलच्या मेनूतली थाळी, सगळं यात येतं. दादरच्या हॉलमध्ये तुम्ही आठ तास उभं राहून काढलेला नवरीचा फोटो कायद्याने त्या कुटुंबाचा आहे. तो स्टॉकवर टाकणं तर सोडाच, स्वतःच्या इन्स्टाग्रामवर किंवा व्हिजिटिंग कार्डावर वापरायचा असला तरी लेखी संमती हवी.

यावर उपाय सोपा आहे, पण तो काम घेतानाच करावा लागतो. बुकिंगच्या कागदावर एक परिच्छेद टाका: छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, ग्राहकाला घरगुती वापरासाठी आणि समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी कायमची परवानगी असेल, छायाचित्रकाराला निवडक फोटो नमुन्यादाखल दाखवण्याची मुभा असेल. त्यावर दोघांच्या सह्या. ग्राहकाला नमुन्याचं कलम नको असेल तर ते खोडा आणि तिथेही दोघांची सही घ्या. मुलीच्या आईला वाटतं की आपल्या लेकीचा फोटो कुठेही फिरू नये, तर तिचं म्हणणं रास्त आहे. अशा वेळी मी वाद घालत नाही.

मालकीइतकीच नावाचीही गोष्ट आहे. होमाई व्यारावाला या आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो पती माणेकशॉ यांच्या नावाने छापून येत. आज कायद्याच्या कलम ५७ मध्ये कर्त्याला विशेष हक्क आहेत: फोटो माझा आहे असं सांगण्याचा, आणि त्याची मोडतोड करून माझ्या लौकिकाला बाधा आणली तर दाद मागण्याचा. यांनाच नैतिक हक्क म्हणतात, आणि कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी ते कर्त्याकडे राहतात. म्हणून कोणत्याही करारात ‘कर्ता आपले नैतिक हक्क सोडून देत आहे’ असं वाक्य दिसलं की मी तिथे थांबते आणि ते काढायला सांगते.

दुसरी पायरी: परवानगी देताय की हक्कच देऊन टाकताय?

हा फरक मला वकिलाआधी वेसाव्याच्या एका मावशींनी समजावला. सकाळची वेळ होती. बांबूवर बोंबील वाळत घातलेले, मागून ऊन येत होतं, आणि त्या ओळीतून मावशी चालत येत होत्या. फोटो सुंदर आला. रिलीज फॉर्म, म्हणजे फोटो वापरायला संमती देणारा कागद, काढून त्यांना मराठीत वाचून दाखवायला लागले, तर मध्येच थांबवून म्हणाल्या, “ते राहू दे. हा फोटू लावणार कुठं? किती दिस? आणि मला काय?”

कलम १९ हेच विचारतं. कॉपीराइट हस्तांतरित करायचा तर लेखी हवं, देणाऱ्याची सही हवी. कोणती कलाकृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे कागदावर असायला हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात वापर केला नाही, तर करारात वेगळं काही नसेल तर हस्तांतरण संपतं. ज्या माध्यमाचा करार होताना पत्ताच नव्हता, त्या माध्यमाला जुनं हस्तांतरण लागू होत नाही, करारात त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज. ‘आज ज्ञात असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत’ हे वाक्य एजन्सी आणि निर्माते इतक्या आवडीने का घालतात, ते आता ध्यानात येईल.

लायसन्स, म्हणजे परवाना, हे वेगळं. घर भाड्याने देण्यासारखं ते. मालक तुम्हीच राहता आणि ठरलेल्या वापरापुरती मुभा देता. परवानाही लेखीच हवा, आणि वर सांगितलेले काळ-प्रदेशाचे नियम परवान्यालाही लागू होतात. एकालाच दिला आणि इतर कोणालाही देणार नाही असं कबूल केलं तर तो एक्सक्लुझिव्ह, अनेकांना देता येत असेल तर नॉन-एक्सक्लुझिव्ह.

कागदावर ‘असाइन’, ‘ट्रान्सफर’, ‘बायआउट’, ‘ऑल राइट्स’, ‘वर्क फॉर हायर’ यांपैकी काही दिसलं तर समजा की घर विकायला काढलंय. विकायला हरकत नाही, पण मग भाव घराचा सांगा, भाड्याचा नको. फोटो स्पर्धांच्या नियमांतही हे लपलेलं असतं. बक्षीस एकाला आणि आलेल्या सगळ्याच फोटोंचे हक्क आयोजकाला, अशा स्पर्धेत चांगला फोटो पाठवू नका.

तिसरी पायरी: पुरावा आधीच तयार ठेवा

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, कधीही पुसू नका. मागचे-पुढचे फसलेले फ्रेमही ठेवा. चोरणाऱ्याकडे एकच फोटो असतो, तुमच्याकडे त्या क्षणाच्या आजूबाजूचे वीस असतात, आणि त्याहून बोलका पुरावा नाही. कॅमेऱ्यातच नाव आणि कॉपीराइटची ओळ भरण्याची सोय असते, ती पहिल्या दिवशी भरा. लाइटरूम किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये आयपीटीसीचे, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच माहिती भरायचे, रकाने असतात, त्यात नाव, ईमेल, ठिकाण, तारीख घाला. ही माहिती कोणी जाणूनबुजून काढून टाकली तर २०१२ पासून तो कलम ६५ बी खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोतून हे सगळं गळून जातं. म्हणून ग्राहकाला मूळ फाइल ड्राइव्हवरून द्या आणि सोबत ईमेलमध्ये दोन ओळी लिहा.

नोंदणी ऐच्छिक आहे. कॉपीराइट कार्यालय दिल्लीत द्वारकेला आहे, अर्ज ऑनलाइन होतो, कलाकृतीला ५०० रुपये शुल्क. विक्रीच्या मालावर वापरली जाणारी किंवा वापरता येण्याजोगी असेल तर २,०००. अर्जानंतर डायरी क्रमांक मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. प्रत्येक फोटोसाठी हे करणं परवडणारं नाही. ज्या पाच-दहा फोटोंवर तुमचं नाव चालतं, तेवढ्यांची करा. नोंदणीचा उतारा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतो.

चौथी पायरी: मुंबईत फोटो काढताना रिलीजचा विचार करा

फोटो तुमचा असला तरी फोटोत जे आहे ते तुमचं नसतं. स्टॉक एजन्सी दोन पेट्या ठेवतात. कमर्शियल म्हणजे जाहिरात, पॅकेजिंग, माहितीपत्रक. एडिटोरियल म्हणजे बातमी, लेख, पाठ्यपुस्तक. कमर्शियलमध्ये ओळखू येणाऱ्या प्रत्येक माणसाचा मॉडेल रिलीज लागतो, मूल असेल तर पालकाची सही लागते. चेहरा दिसत नसला तरी गोंदण, कपडे किंवा ठिकाणावरून तो माणूस स्वतःला ओळखू शकत असेल तर रिलीज घ्या. फॉर्म इंग्रजीत असतो. तो समोरच्याला मराठीत किंवा हिंदीत पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नका. ‘तुमचा फोटो औषधाच्या जाहिरातीतही येऊ शकतो’ हे वाक्य मी न चुकता म्हणते. ते ऐकून काही जण नाही म्हणतात, आणि तेव्हा तो फोटो एडिटोरियलमध्ये जातो.

इमारतींचं काय? वास्तूचा फोटो काढणं आणि छापणं कॉपीराइटचा भंग नाही, हे कलम ५२ स्पष्ट सांगतं. पण ट्रेडमार्कचा कायदा निराळा. २०१७ मध्ये कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या बाह्यरूपाला ट्रेडमार्क म्हणून नोंदणी मिळाली, देशातली अशी ती पहिली इमारत. त्यामुळे गेटवेच्या फोटोत ताज ठळक असेल तर एजन्सी तो कमर्शियलमध्ये बहुधा नाकारतील. एडिटोरियलमध्ये टाका.

सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला कायद्याची मुभा आहे. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द इथे महत्त्वाचा. चौकातला पुतळा त्यात बसतो, पण मंडळाची गणेशमूर्ती दहा-अकरा दिवसांची आणि तिच्यावर मूर्तिकाराचा हक्क. विसर्जन मिरवणुकीचा फोटो बातमीसाठी देणं वेगळं आणि त्याच मूर्तीचा फोटो मिठाईच्या खोक्यासाठी विकणं वेगळं. भिंतीवरच्या चित्रांची अडचण त्याहून मोठी. वांद्र्याच्या गल्ल्यांत रंगवलेल्या भिंती फोटोसाठी मोहात पाडतात, पण शिल्पासाठी जी सूट आहे ती चित्रासाठी नाही. भिंत रस्त्यावर असली तरी चित्र चित्रकाराचं. समोरून सपाट घेतलेला भित्तिचित्राचा फोटो मी स्टॉकवर टाकत नाही. आपल्या फोटोची चोरी झाली की जसा जीव तळमळतो, तसा त्या चित्रकाराचाही तळमळेल.

रेल्वे स्थानकं, बंदराचा परिसर, विमानतळ इथे व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते. ट्रायपॉड उघडण्याआधी विचारा.

एडिटोरियल फोटोच्या ओळीला ठरलेला साचा असतो: शहर, देश, तारीख, मग काय चाललंय ते. तारीख अंदाजाने टाकू नका, फाइलमधली पाहून टाका.

पाचवी पायरी: एजन्सीचा करार बसून वाचा

हा करार वीस-पंचवीस पानांचा इंग्रजी मजकूर असतो. प्रिंट काढा, पेन घ्या आणि पुढच्या गोष्टी शोधा. इंग्रजीचा कंटाळा येत असेल तर कोणाला सोबत बसवा, पण न वाचता बटण दाबू नका.

सगळ्यात आधी ‘रॉयल्टी फ्री’चा अर्थ. फुकट असा त्याचा अर्थ होत नाही. ग्राहक एकदा पैसे देतो आणि मर्यादेत राहून तोच फोटो पुन्हा पुन्हा वापरतो, दर वापराला वेगळी रॉयल्टी देत नाही. याउलट ‘राइट्स मॅनेज्ड’मध्ये प्रत्येक वापराचा आकार, काळ, प्रदेश पाहून भाव ठरतो. कधीकाळी चांगल्या कमाईची वाट हीच होती. गेटी या मोठ्या एजन्सीने २०२० मध्ये क्रिएटिव्ह फोटोंसाठी ही पद्धत गुंडाळली, अलामीसारख्या काही ठिकाणी ती अजून आहे.

मग टक्केवारी. शटरस्टॉकने जून २०२० मध्ये नवी रचना आणली: १५ ते ४० टक्के, जितकी डाउनलोड जास्त तितकी पायरी वर, आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाच्या पायरीवर. त्या वेळी जगभरच्या फोटोग्राफरनी संताप व्यक्त केला, कित्येकांनी आपले फोटो काढून घेतले. पण करारात ‘आम्ही अटी बदलू शकतो, तुम्ही खातं चालू ठेवलंत म्हणजे मान्य केलंत’ असं कलम होतंच. ते कलम जवळजवळ प्रत्येक एजन्सीत असतं. अ‍ॅडोबी स्टॉक फोटोला ३३ टक्के देतं, आयस्टॉक नॉन-एक्सक्लुझिव्ह फोटोला १५. हे आकडे बदलत असतात, सही करायच्या दिवशी एजन्सीच्या पानावर पुन्हा पाहा.

टक्के कशाचे, हे टक्क्यांहून महत्त्वाचं. समजा ग्राहकाने एका फोटोचे १,००० रुपये मोजले. विक्री एजन्सीच्या परदेशी वितरकामार्फत झाली आणि त्याने ४० टक्के ठेवले. एजन्सीकडे आले ६००. तुमचा वाटा ३० टक्के, म्हणजे हाती १८०. करारात ‘नेट रिसीट्स’ किंवा ‘अमाउंट रिसीव्ह्ड’ असा शब्द असेल तर हिशोब असा चालतो. वर्गणीच्या योजनेत तर एका डाउनलोडला काही सेंट मिळतात. वितरकाला देण्याची, म्हणजे सबलायसन्सची, परवानगी बंद ठेवण्याची सोय आहे का, ते खात्याच्या सेटिंगमध्ये पाहा.

एक्सक्लुझिव्ह म्हणजे काय, तेही ठिकाणागणिक बदलतं. कुठे तो फोटोपुरता असतो, कुठे माणसापुरता. आयस्टॉकवर एक्सक्लुझिव्ह झालात की तुमचे कोणतेही रॉयल्टी फ्री फोटो दुसऱ्या एजन्सीवर जाऊ शकत नाहीत. दर जास्त मिळतो, पण सगळं एकाच बाजारात. माझा सल्ला असा की पहिली दोन वर्षं कुठेही माणसापुरतं बांधून घेऊ नका. आणि एकदा रॉयल्टी फ्री म्हणून गेलेला फोटो पुढे कोणा ग्राहकाला ‘फक्त तुम्हालाच’ म्हणून देऊ नका. तो आधीच कोणाकोणाकडे गेला आहे, ते तुम्हाला सांगता येणार नाही.

बाहेर पडण्याचं कलम वाचा. एजन्सीवरून फोटो हटवला तरी आधी दिलेले परवाने चालूच राहतात, हे रास्त आहे. पण काही करारांत फोटो अमुक महिने ठेवलाच पाहिजे असं असतं, आणि वितरकांकडून तो उतरायला आणखी काही महिने. लग्नानंतर एखादी मैत्रीण म्हणाली की माझा तो फोटो तिथून हटव, तर तुम्ही किती दिवसांत हटवू शकाल, हे या कलमावर ठरतं.

हमी आणि नुकसानभरपाईचं कलम सगळे ओलांडून जातात. मला सर्वांत जास्त भीती त्याची वाटते. त्यात तुम्ही लिहून देता की फोटो माझाच आहे, सगळे रिलीज खरे आहेत, आणि कोणी दावा केला तर एजन्सीचा खर्च मी भरेन. लग्नात काढलेला, म्हणजे कायद्याने पार्टीचा असलेला फोटो स्टॉकवर टाकलात तर हे कलम तुमच्यावर उलटतं. आणि भांडण कुठे चालणार? मोठ्या एजन्सींच्या करारात बहुतेकदा अमेरिकेतला कायदा आणि तिथलाच लवाद असतो. परळला बसून ते लढणं कोणालाही सोपं नाही. म्हणून शंकेचा फोटो आधीच बाजूला काढा.

अलीकडचं कलम म्हणजे एआय. तुमचे फोटो यंत्राला शिकवायला वापरू का, हे आता करारात असतं. शटरस्टॉकने आपला साठा ओपनएआयसारख्या कंपन्यांना दिला आणि २०२२ मध्ये फोटोग्राफरांसाठी निधी जाहीर केला; खात्यात डेटा लायसन्सिंग बंद करण्याचा पर्याय आहे. अ‍ॅडोबीने फायरफ्लाय हे चित्रं बनवणारं एआय स्टॉकवरच्या फोटोंवर शिकवलं आणि २०२३ मध्ये बोनस वाटला. चालू ठेवायचं की बंद, हा ज्याचा त्याचा निर्णय. मी बंद ठेवलं आहे. वेसाव्याच्या मावशींना ‘फोटू लावणार कुठं’ याचं जे उत्तर मी दिलं होतं, त्यात हे बसत नाही.

सहावी पायरी: पैसे आणि कर

अमेरिकी एजन्सी डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म मागते. भारत आणि अमेरिकेच्या करारामुळे तिथल्या विक्रीवरची रॉयल्टी कपात १५ टक्क्यांवर येते, फॉर्म भरला नाही तर ३०. करक्रमांकाच्या जागी पॅन टाका. फॉर्म सही केलेल्या वर्षानंतर तीन वर्षं चालतो, मग नवा. तिथे कापलेला कर इथल्या विवरणपत्रात दाखवून त्याचं श्रेय मिळतं, सीएला आठवण करून द्या. इथले ग्राहक व्यावसायिक फीमधून टीडीएस कापतात, तो जमा झालाय का ते पाहत राहा. उलाढाल वर्षाला २० लाखांपुढे गेली तर जीएसटी. किमान रक्कम साठल्याशिवाय एजन्सी पैसे सोडत नाही, तेव्हा सुरुवातीला पाच ठिकाणी पसरण्यापेक्षा दोन ठिकाणी टाका.

सातवी पायरी: चोरी सापडली तर

महिन्यातून एकदा आपले चांगले फोटो गुगल लेन्स आणि टिनआय यांवर शोधा. सापडला की लगेच फोन करू नका. आधी पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, पत्ता आणि तारीख दिसेल असा. छापील असेल तर अंक विकत घ्या आणि पावती ठेवा. होर्डिंग असेल तर आजूबाजूचं दुकान दिसेल असा फोटो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा संगणकी ठसा, लिहावी लागते. मूळ फाइलला हात न लावता प्रत बाजूला ठेवा.

मग स्वतःला विचारा, याने हा फोटो एजन्सीकडून रीतसर घेतला असेल का? तुमचा फोटो स्टॉकवर असेल तर ही शक्यता मोठी आहे. एजन्सीला ईमेल करून खात्री करा. खात्रीशिवाय कोर्टाची धमकी देऊ नका. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध समोरचा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली दाद मागू शकतो.

पहिलं पत्र सभ्य हवं: फोटो माझा, वापर असा दिसला, परवाना असेल तर दाखवा, नसेल तर हे शुल्क. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, कारण बऱ्याच छोट्या दुकानदारांना गुगलवरून घेतलेला फोटो फुकट असतो असं खरंच वाटत असतं. वेबसाइटवर किंवा समाजमाध्यमावर असेल तर तिथे लेखी तक्रार करा. कॉपीराइटच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे तक्रार पोचल्यापासून ३६ तासांत त्यांनी तो मजकूर रोखायचा असतो आणि २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते तो पुन्हा सुरू करू शकतात.

पुढे दिवाणी दावा: मनाई, नुकसानभरपाई, त्यांनी कमावलेल्या नफ्याचा हिशोब. मुदत साधारण तीन वर्षांची. मोठी सोय ही की कलम ६२ प्रमाणे दावा तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या कोर्टात करता येतो. चोर इंदूरला असला तरी तुम्ही मुंबईत दावा लावू शकता. फौजदारीत कॉपीराइट कायद्याच्याच कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट दखल घेता येण्याजोगा, असल्याचं सांगितलं. पोलीस चौकीत जाताना त्या निकालाची प्रत सोबत न्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत मदत मिळते, हे मला फार उशिरा कळलं.

आणि चोर मोठा आहे म्हणून गप्प बसू नका. डॅनियल मोरेल या हैतीच्या फोटोग्राफरने २०१० च्या भूकंपाचे फोटो ट्विटरवर टाकले होते. ते एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेने उचलले आणि गेटीमार्फत जगभर गेले. ट्विटरवर टाकले म्हणजे सगळ्यांना मोकळे झाले, हा बचाव न्यूयॉर्कच्या कोर्टात टिकला नाही. २०१३ मध्ये ज्यूरीने एएफपी आणि गेटी यांना मोरेलना १२ लाख डॉलर द्यायला लावले.

शेवटचं, घरच्यांसाठी

गिरगावात ज्यांच्या स्टुडिओत मी डार्करूमचं काम शिकले, ते काका गेल्यावर त्यांच्या निगेटिव्हचे डबे भंगारवाल्याने उचलले. चाळीस वर्षांचं गिरगाव त्यात होतं. पाडलेल्या चाळी, जुन्या शोभायात्रा, कितीतरी घरांतली लग्नं. काकूंना कोणी सांगितलंच नव्हतं की त्यातले काही हक्क अजून साठ वर्षं त्यांच्याकडे राहणार आहेत.

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. त्यात प्रत्येक एजन्सीचं नाव, कोणता ईमेल, पैसे कोणत्या खात्यात येतात, हार्ड डिस्क कोणत्या कपाटात, कोणाला कोणता फोटो किती वर्षांसाठी दिला आणि तो परवाना कधी संपतो, हे लिहिलेलं असतं. रिलीजच्या प्रती मागच्या खिशात. गेल्या दिवाळीत धाकट्या बहिणीला शेजारी बसवून पानं दाखवली. पहिल्या पानावर ती फिकट कार्बन प्रत चिकटवलेली पाहून तिने विचारलं, ही कशाला ठेवलीस, आणि मी तिला सायनच्या होर्डिंगपासून सगळं सांगत बसले.